लॅपटॉपची भोकं मोजणारी माणसं

२०१६ साली धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री आपल्याकडे साडेदहा वाजले, तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजत होते आणि कुपर्टिनोतल्या ॲपलच्या सभागृहात नवा मॅकबुक प्रो दाखवायची तयारी झाली होती. तारीख २७ ऑक्टोबर. या लॅपटॉपचा सांगाडा चार वर्षांनी मुळापासून बदलला होता, त्यामुळे बघणारे पुष्कळ होते. मंचावरच्या मंडळींनी सगळा भर दिला तो कीबोर्डच्या वरच्या ओळीत बसवलेल्या एका उजळ, स्पर्शाने चालणाऱ्या पट्टीवर. तिचं नाव टच बार. बघणाऱ्यांनी पट्टी पाहिली, मान डोलावली आणि मग लॅपटॉपच्या कडांवरची भोकं मोजायला घेतली.

मोजायला वेळ लागला नाही. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, चारही एकाच जातीची, यूएसबी-सी. जोडीला इअरफोनचं एक गोल भोक. बस्स.

नवा लॅपटॉप जाहीर झाला की गिऱ्हाईक आधी काय बोलतं, मग काय बोलतं, त्यातलं खरं काय ठरतं आणि कंपनी त्यातलं किती आणि कधी मनावर घेते, हे उलगडून बघायचं असेल तर या मॉडेलइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. एक तर त्यावरची ओरड मोठी होती. दुसरं म्हणजे ही गोष्ट आता पुरी झाली आहे. २०१६ ला फिर्याद झाली, २०२१ ला निकाल लागला.

सगळ्यात आधी तोंडावर येते ती किंमत. यात कंजूषपणा शोधू नये. जाहीर झाल्याच्या क्षणी यंत्र कुणाच्याच हातात नसतं. की दाबून बघता येत नाही, पडदा उन्हात कसा दिसतो ते कळत नाही, मांडीवर किती तापतो ते तर नाहीच नाही. किंमत तेवढी पूर्ण कळलेली असते, म्हणून पहिलं मत तिच्यावर पडतं. टच बार नसलेला १३ इंची १,४९९ डॉलर, टच बारवाला १,७९९ आणि १५ इंची २,३९९. आदल्या पिढीचा १५ इंची १,९९९ पासून मिळत होता, म्हणजे एका रात्रीत ४०० डॉलरची चढ. भारतातली सुरुवात १,२९,९०० रुपयांपासून. ब्रिटनमधल्या लोकांचं दुःख आणखी वेगळं. जूनमध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं होतं, पौंड घसरला होता, आणि त्याच दिवशी जुन्या मॅकच्या किमतीही वर सरकल्या. २०१३ च्या डिसेंबरपासून जसाच्या तसा पडून असलेला मॅक प्रो हा टेबलावरचा संगणक ५०० पौंडांनी महाग झाला. शिळी भाकरी, आणि भाव ताज्याहून जास्त.

किमतीवरची ओरड मोठी असते पण टिकत नाही. ज्याला परवडत नाही तो घेत नाही, ज्याला परवडतं तो विसरतो. आपल्याकडे तर बारा दिवसांनी पाचशे-हजारच्या नोटाच बाद झाल्या आणि बोलायला दुसरे विषय मिळाले.

भोकांचं दुखणं मात्र टिकलं. त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं.

आदल्या १५ इंची मॉडेलला काय काय होतं ते बघा. नेहमीच्या चपट्या यूएसबीची दोन भोकं, थंडरबोल्टची दोन, टीव्ही-प्रोजेक्टरला जोडायला एचडीएमआय, कॅमेऱ्याचं एसडी कार्ड घालायची खाच, आणि चार्जिंगचं मॅगसेफ. ही सगळी काढून त्यांच्या जागी चार सारखी भोकं आली. कागदावर पाहिलं तर ही प्रगतीच होती. चारांपैकी कुठल्याही भोकातून चार्जिंग होतं, कुठल्याही भोकातून मॉनिटर चालतो, आणि माहितीची ये-जा सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत. इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघितलं तर हे सुंदर आहे. अडचण एवढीच, की लोकांच्या पिशवीत ज्या वस्तू होत्या त्यांतली एकही त्या भोकात जात नव्हती.

त्याच वर्षी सप्टेंबरात आयफोन ७ आला होता. त्याच्या पेटीतल्या केबलचं दुसरं टोक चपट्या यूएसबीचं, म्हणजे नव्या लॅपटॉपला न लागणारं. त्या फोनने इअरफोनचं गोल भोक काढून टाकलं होतं, म्हणून पेटीतल्या इअरफोनला लाइटनिंगचं टोक होतं. लॅपटॉपला मात्र गोल भोक शाबूत. एकाच कंपनीची, दीड महिन्याच्या अंतराने आलेली दोन महागडी यंत्रं पेटीतून काढून एकमेकांना जोडता येत नव्हती. लोक यावर हसले ते बरोबरच होतं. विनोद करायलाही फार डोकं लागलं नाही.

आता एसडी कार्डाची खाच घ्या. लग्नाचे फोटो काढणारा माणूस रात्री अकराला मंगल कार्यालयातून घरी येतो. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले असतात. बूट काढायच्या आधी तो एक काम करतो: कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपात खुपसतो आणि फोटो उतरायला लावतो, कारण ते कार्ड हरवलं तर लग्न पुन्हा लागणार नाही. हे काम तो रोज करतो, न बघता, अंधारातसुद्धा. त्या जागी आता एक छोटी पेटी, तिला वीतभर वायर, आणि ती पेटी कॅमेऱ्याच्या बॅगेत कुठल्या कप्प्यात ठेवली होती ते आठवायचं. कंपनीचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी त्या दिवसांत एका ब्रिटिश दैनिकाला सांगितलं की ती खाच तशी अडगळच होती, आणि आता कॅमेरे बिनतारी फोटो पाठवतात. पाठवतात हे खरं. पण हजार-दीड हजार कच्चे फोटो बिनतारी उतरवत बसायची वेळ त्यांच्यावर आली नसावी.

मॅगसेफबद्दल मी जरा हळवा आहे. २००६ सालच्या पहिल्या मॅकबुक प्रोबरोबर ते आलं. चार्जरचं टोक लॅपटॉपात घुसत नाही, लोहचुंबकाने नुसतं चिकटतं. वायरीत कुणाचा पाय अडकला तर टोक निसटतं आणि लॅपटॉप जागेवर राहतो. जपानमध्ये तळणीच्या विजेच्या भांड्यांना असा प्लग आधीपासून होता, गरम तेल अंगावर येऊ नये म्हणून. आमच्या घरी एकदा भाची पळत आली आणि माझा लॅपटॉप वायरीसकट टेबलावरून खाली गेला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. आमच्या हॉलमधला प्लग दारालगत आहे. पण त्या क्षणी ते चुंबक मला फार आठवलं. नव्या मॅकबुकमध्ये चार्जर आता घट्ट आत बसत होता.

एवढं सगळं कंपनीला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण ॲपलने हा खेळ पूर्वी खेळलेला होता आणि दर वेळी जिंकलेला होता. १९९८ च्या आयमॅकमध्ये फ्लॉपी नव्हती, लोक ओरडले. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये सीडीचा ड्राइव्ह नव्हता आणि यूएसबीचं एकच भोक होतं, लोक पुन्हा ओरडले. २०१२ च्या प्रोमधून सीडी आणि इथरनेट दोन्ही गेली. तिन्ही वेळा चार-दोन वर्षांत ओरड विरली. ‘लांडगा आला रे’च्या गोष्टीत ओरडणारा मुलगा खोटं बोलत होता, इथे लोक खरं बोलत होते, तरी कंपनीच्या कानांना आवाज त्याच मुलाचा वाटला. फरक वस्तूत होता. फ्लॉपी आधीच आचके देत होती. एसडी कार्ड मात्र त्या वर्षी बाजारात आलेल्या ढिगाने कॅमेऱ्यांत होतं. एचडीएमआय प्रत्येक सभागृहात होतं.

कंपनीचा पहिला प्रतिसाद आठव्या दिवशी आला. ४ नोव्हेंबरला तिने आपल्या जोडण्यांच्या, म्हणजे लोक ज्याला डोंगल म्हणतात त्यांच्या किमती वर्षअखेरीपर्यंत उतरवल्या. यूएसबी-सीवरून साध्या यूएसबीवर जाण्याचं १९ डॉलरचं डोंगल ९ डॉलरला आलं. ही सवलत पुढे मार्चपर्यंत वाढवली. लोक म्हणाले, बघा, झुकले. मला ते झुकणं वाटत नाही. आठ दिवसांत एखाद्या कंपनीला बदलता येण्याजोगी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दुकानातली किमतीची पट्टी.

या सगळ्या प्रकरणाची किल्ली मला इथे सापडते. तक्रारीला उत्तर कधी मिळेल हे ती किती जोरात केली यावर फारसं अवलंबून नसतं. ती यंत्राच्या कितव्या थराला लागते त्यावर असतं. किंमत सगळ्यात वरचा थर, तो दिवसांत बदलतो. त्याखाली सॉफ्टवेअर, त्याला आठवडे लागतात. मग चिप आणि मेमरी, तिथे दोनेक वर्षं धरा, कारण चिप दुसऱ्याच कंपनीची असते. सगळ्यात खाली धातूचा सांगाडा. त्याचे साचे, बॅटरीचा आकार, भोकांच्या जागा हे सगळं यंत्र जाहीर होण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं, आणि पुढची काही वर्षं त्याच साच्यातून माल काढायचा असतो. आज कडेला भोक हवं म्हणून कितीही ओरडा, ते उद्या पाडून मिळत नाही.

सॉफ्टवेअरच्या थराचं उदाहरण त्याच हिवाळ्यात घडलं. कन्झ्युमर रिपोर्ट्स हे अमेरिकेतलं ग्राहकांचं जुनं मासिक. जाहिराती घेत नाही, कंपनीने पाठवलेला नमुना तपासत नाही, दुकानातून स्वतः विकत घेऊन तपासतं. मॅकबुकची शिफारस त्यांनी तोवर कधी नाकारली नव्हती. २०१६ च्या डिसेंबरात पहिल्यांदा नाकारली. कारण बॅटरी. टच बारवाला १३ इंची लॅपटॉप एका चाचणीत १६ तास चालला, दुसरीत पावणेतेरा, तिसरीत पावणेचार. बॅटरी कमी चालणं एक वेळ समजतं, पण हे लहरी राजासारखं वागणं कुणालाच समजेना. गिऱ्हाइकांच्या ओरडीकडे कानाडोळा करता येतो, सोनाराने कान टोचले की मान वळवावीच लागते. दोन्ही बाजूंचे लोक कामाला लागले. मासिक चाचणी घेताना सफारी ब्राउझरची साठवण बंद ठेवायचं, म्हणजे प्रत्येक पान दर वेळी नव्याने उतरावं. तो खटका बंद केला की चिन्हं पुन्हा पुन्हा उतरवत बसण्याचा एक दोष सफारीत दडलेला होता. एरवी तो खटका वेबसाइट बनवणारेच वापरतात. दोष काढला, १२ जानेवारीला मासिकाने शिफारस दिली. तीन आठवड्यांत मामला मिटला, कारण तो सॉफ्टवेअरचा होता.

मेमरीचं गाऱ्हाणं जास्त रोचक आहे, कारण त्यात कंपनीचं म्हणणंही खरं होतं आणि गिऱ्हाइकाचंही.

व्हिडिओ जोडणारे, एकाच लॅपटॉपात तीन-चार आभासी संगणक चालवणारे, यांना ३२ जीबी रॅम हवी होती. मॉडेल १६ वर थांबलं. शिलर यांचं उत्तर होतं बॅटरीचं. रॅमचं काम कसं चालतं ते थोडक्यात बघू. तिच्यातली माहिती म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत साठवलेला विजेचा भार. कप्पे गळके असतात, म्हणून सेकंदात कितीतरी वेळा ते पुन्हा भरावे लागतात. लॅपटॉप झोपला तरी भरणं चालूच. हे काम कमी विजेत करणारी एक खास मेमरी असते, एलपीडीडीआर३. इंटेलच्या त्या पिढीच्या चिपला ही काटकसरी मेमरी १६ जीबीपर्यंतच जोडता येत होती. ३२ हवी तर जास्त वीज खाणारी साधी डीडीआर४ घ्यायची. म्हणजे दोष इंटेलचा, झालं.

पण मग कुणीतरी जुन्या आणि नव्या मॉडेलची बॅटरी शेजारी शेजारी मांडली. विमानात १०० वॉट-तासांहून मोठी बॅटरी न्यायची तर विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून लॅपटॉपवाले त्याच्या आत राहतात. आदल्या १५ इंचीत ९९.५ वॉट-तासांची बॅटरी होती, अगदी कुंपणाला पाठ टेकलेली. नव्यात ७६. जवळजवळ चौथाई बॅटरी काढून टाकली होती, का, तर जाडी १८ मिलिमीटरवरून १५.५ वर आणि वजन २.०४ किलोवरून १.८३ वर आणायचं होतं. आधी टाकी लहान करायची आणि मग म्हणायचं, काय करणार, पेट्रोल पुरत नाही. गिऱ्हाईक नेमकं हेच म्हणत होतं: अडीच मिलिमीटर आम्ही मागितले नव्हते. जुलै २०१८ मध्ये १५ इंचीला ३२ जीबी डीडीआर४ मिळाली, आणि सोबत बॅटरी ८३.६ वॉट-तासांची केली. पावणेदोन वर्षं लागली, पण उत्तर गिऱ्हाइकाने सुचवलेलंच निघालं.

टच बारने आणखी एक गोष्ट खाल्ली होती, डाव्या कोपऱ्यातली एस्केप की. सर्वसामान्य माणसाला ती वर्षातून चारदा लागते. विम नावाचा मजकूर लिहायचा जुना प्रोग्राम वापरणारे प्रोग्रामर ती मिनिटाला चारदा दाबतात. पट्टीवर एस्केपचं चित्र येत होतं. पण बोट की शोधतं ते डोळ्यांनी नाही, कडेच्या उठावाने. काचेला उठाव नसतो. ॲपलने कॅप्स लॉकला एस्केपचं काम लावायची सोय सॉफ्टवेअरमध्ये करून दिली. पायात काटा मोडला म्हणून काठी देण्यातला प्रकार.

आणि हा धडा शेजारी आधीच गिरवून झाला होता! लेनोव्होने २०१४ च्या थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये फंक्शनच्या कीजची ओळ काढून तिथे स्पर्शाची पट्टी बसवली होती, कामाप्रमाणे रूप बदलणारी. त्याआधीच्या वर्षी थिंकपॅडच्या कीबोर्डमधल्या, कर्सर हलवायच्या लाल टिंबाखालची वेगळी बटणंही काढली होती. थिंकपॅडचं गिऱ्हाईक म्हणजे सरकारी कारकुनापेक्षा चिवट. त्याने दोन्ही गोष्टी चालवून घेतल्या नाहीत. २०१५ च्या मॉडेलमध्ये की परत, बटणंही परत. एका वर्षात. त्या वर्षी थिंकपॅडच्या रचनेचे प्रमुख डेव्हिड हिल यांनी लोकांनाच प्रश्नावली टाकली, की जुन्या वळणाचा थिंकपॅड काढला तर त्यात काय काय हवं. उत्तरं आली, आणि १९९२ च्या पहिल्या थिंकपॅडला २५ वर्षं झाली तेव्हा, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सात ओळींचा जुना कीबोर्ड आणि जुन्या रंगांची अक्षरं असलेला थिंकपॅड २५ मोजक्या संख्येने काढला. घेणाऱ्यांनी तो जपून ठेवला. त्याची नेहमीची मालिका मात्र कधी निघाली नाही. प्रेमाने बोलणारे आणि पैसे मोजणारे यांची संख्या एक नसते, हे लेनोव्होने एका मॉडेलच्या खर्चात पारखून घेतलं, असा त्याचा अर्थ मी लावतो.

ॲपलच्या बाबतीत उलट झालं. २०१६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत कंपनीने जवळजवळ ५३ लाख ७० हजार मॅक विकले आणि त्यांतून ७.२४ अब्ज डॉलर मिळवले. मॅकच्या विक्रीची तोवरची सर्वांत मोठी रक्कम. मग ओरडत होतं कोण? बहुधा तेच, जे विकत घेत होते. आदल्या मॉडेलला दीड-दोन वर्षं हात लागला नव्हता, सांगाडा चार वर्षांचा होता. लोकांनी जुना लॅपटॉप कसाबसा ओढत आणला होता. ज्याचं सगळं काम मॅकवरच्या प्रोग्राममध्ये अडकलंय तो चार शिव्या घालतो आणि पैसे भरतो. लग्नात जेवणाला नावं ठेवणारे पंगतीतून उठून थोडेच जातात. त्यामुळे विक्रीचा आकडा दाखवून ‘लोक खूश आहेत’ म्हणणं चूक, तसंच ओरड दाखवून ‘मॉडेल आपटलं’ म्हणणंही.

आता खरी गोम. पहिल्या आठवड्याच्या त्या सगळ्या गदारोळात जी गोष्ट जेमतेम अर्धा टक्का बोलली गेली असेल, तीच पुढे कंपनीला सगळ्यात महाग पडली. कीबोर्ड.

दुकानात ठेवलेला नमुना दाबून लोक म्हणाले, की फारच कमी खाली जाते, आणि खटखट वाजते. होईल सवय. सवय झालीही. पण आत काय होतं ते पाहा. नेहमीच्या लॅपटॉपच्या कीखाली प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींना छेदून बसवलेल्या असतात, की दाबली की कात्री मिटते. ॲपलने २०१५ च्या १२ इंची मॅकबुकपासून तिथे पंख उघडलेल्या फुलपाखरासारखी रचना आणली. की डगमगत नाही, कोपऱ्यावर दाबली तरी सपाट खाली जाते, आणि जागा फार थोडी लागते. त्या थोड्या जागेतच घात होता. खाली जायला मिलिमीटरभरही वाव नाही म्हटल्यावर धुळीचा एखादा कण, पोळीचा कोरडा भुगा आत गेला की की अडते. मग एक तर अक्षर उमटत नाही, नाहीतर दोनदा उमटतं.

मराठी टाइप करणाऱ्याला याचा अर्थ चटकन कळेल. इन्स्क्रिप्टमध्ये अक्षराचा पाय मोडायची खूण इंग्रजी डीच्या कीवर असते. ती एक की रुसली की ‘प्रश्न’चा ‘परशन’ होतो, ‘स्वागत’चं ‘सवागत’. इंग्रजीत एखादं अक्षर गळलं तर स्पेलिंग सुधारणारा प्रोग्राम सावरून घेतो. आपल्याकडे अख्खा लेख खेडवळ नाटकातल्या पात्रासारखा बोलू लागेल.

की उचकटून साफ करावी तर पंख तुटायची भीती. आणि कीबोर्ड वरच्या अख्ख्या पत्र्याला पक्का जोडलेला, त्या पत्र्याला बॅटरी चिकटवलेली. एक की बिघडली तर दुरुस्ती म्हणजे पत्रा, कीबोर्ड, बॅटरी सगळं एकदम बदलणं. वॉरंटी संपली असेल तर तो खर्च शेकडो डॉलरचा. ही तक्रार जाहीर होण्याच्या दिवशी उठूच शकत नव्हती. धूळ साचायला महिने लागतात.

२०१८ च्या मेमध्ये अमेरिकेत गिऱ्हाइकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. २२ जूनला कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत कीबोर्ड फुकट दुरुस्त करून देण्याची योजना काढली. जुलैच्या नव्या मॉडेलमध्ये कीखाली सिलिकॉनचा पातळ पडदा आला; कंपनी म्हणाली, तो आवाज कमी करण्यासाठी. २०१९ च्या मेमध्ये आतलं साहित्य बदललं, आणि त्या दिवशी बाजारात आलेलं कोरं मॉडेलसुद्धा त्याच दुरुस्ती योजनेत घातलं. विकतानाच औषधाची चिठ्ठी हातात. नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॉडेल कात्रीवाला कीबोर्ड घेऊन आलं, एस्केपची खरीखुरी की घेऊन आलं, जाडी १६.२ मिलिमीटर, वजन दोन किलो, बॅटरी पुन्हा १०० वॉट-तासांची. फुलपाखराचा शेवट मे २०२० मध्ये झाला. २०२२ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता तो दावा ५ कोटी डॉलरला मिटवला. पैसे मिळाले ते अमेरिकेतल्या सात राज्यांतल्या खरेदीदारांना.

राहिला सांगाडा. १८ ऑक्टोबर २०२१, पहिल्या दिवसापासून मोजलं तर पाच वर्षांना नऊ दिवस कमी. मधल्या काळात इंटेलची चिप जाऊन ॲपलची स्वतःची आली होती, त्यामुळे सांगाडा नव्याने ओतायचं निमित्तही मिळालं. १४ आणि १६ इंची नव्या मॅकबुक प्रोला एचडीएमआय परत आलं, एसडी कार्डाची खाच परत आली, मॅगसेफ परत आलं. टच बार गेला; फक्त एका १३ इंची मॉडेलमध्ये तो २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला. १६ इंचीची जाडी १६.८ मिलिमीटर, वजन २.१ किलो. म्हणजे ज्या जुन्याला जाड म्हणून बारीक केलं होतं त्याच्याहून हा वजनाने भारी, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

दिवाळीच्या सवलतीत नवंकोरं मॉडेल घ्यायला निघालेले ओळखीचे लोक मला विचारतात, लोकांचं ऐकावं का? मी विचारतो, कुठल्या आठवड्यातलं? पहिल्या आठवड्यात लोक काय नाही ते सांगतात, आणि ते बहुतेक खरं असतं. ते आपल्या पिशवीतल्या वस्तूंशी ताडून बघावं, दुसऱ्याच्या नव्हे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात बॅटरी, ताप, पंख्याचा आवाज यांवर मोजमापं येतात. बिजागरी, की, पडद्याची केबल यांचं कळायला मात्र वर्ष जातं, आणि ते सांगणारा माणूस तुमच्या गल्लीतला लॅपटॉप दुरुस्त करणारा असतो. त्याच्या टेबलावर कुठलं मॉडेल वारंवार उघडं पडलेलं दिसतं, एवढं बघून यावं. चहा पाजला तर कारणही सांगतो.

२०२१ च्या त्या मॉडेलचं काय झालं म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी नवी ओरड सुरू झाली. पडद्याच्या वरच्या कडेत कॅमेऱ्यासाठी खाच पाडली होती, ती डोळ्यांत खुपत होती. परत आलेलं एचडीएमआय २.० जातीचं होतं, २.१ का नाही म्हणून विचारणा झाली. आणि २०१६ च्या त्या रात्री ज्याच्या नावाने सगळ्यांत जास्त गळा काढला गेला होता, ते चपट्या यूएसबीचं भोक काही परत आलं नाही. त्याची आठवण काढणारेही आता फार उरले नव्हते. पाच वर्षांत फोनच्या केबली बदलल्या, पेन ड्राइव्हला दोन टोकं आली. माझ्या टेबलाच्या खणात मात्र त्या काळातलं एक पांढरं डोंगल अजून आहे. परवा एका जुन्या पेन ड्राइव्हमधले भाचीच्या बारशाचे फोटो काढायला ते शोधलं, तर मिळालं शिवणाच्या डब्यात.